आधी बाजूनं, मग विरोधात: जॉन केरींना चुकीच्या मताचा जाब विचारला गेला

“८७ अब्ज डॉलरच्या विरोधात मत देण्याआधी मी खरं तर त्याच्या बाजूनं मत दिलं होतं.”

जॉन केरी यांच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं १६ मार्च २००४ रोजी, पश्चिम व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन शहरात, मार्शल विद्यापीठात. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर असलेले केरी तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून जवळपास निश्चित झाले होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आणि केरींचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्या प्रचारयंत्रणेनं त्याच राज्यात एक टीव्ही जाहिरात सुरू केली होती. इराक आणि अफगाणिस्तानसाठी मागितलेल्या ८७ अब्ज डॉलरना नकार देऊन केरींनी लढणाऱ्या सैनिकांना पैसे देण्याच्या विरोधात मत दिलं, असा तिचा सूर होता. त्या आरोपाला उत्तर देताना केरी हे बोलून गेले. बुश यांच्या माणसांनी लगेच तेच वाक्य, केरींच्याच आवाजात, जाहिरातीत जोडलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत ते त्यांच्या मानगुटीवरून उतरलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वीचं हे प्रकरण आज समजून घ्यायचं कारण असं, की अमेरिकेत निवडणूक आली की कुणा ना कुणा उमेदवाराचं युद्धकाळातलं जुनं मत उकरून काढलं जातं. “यांनी सैनिकांच्या विरोधात मत दिलं” किंवा “यांनी युद्धाला मत दिलं” असे तुकडे आपल्याही फोनवर येऊन पडतात. सभागृहात नेमकं काय घडतं हे ठाऊक नसेल, तर असला तुकडा पाहून माणूस सरळ मत बनवून मोकळा होतो. केरींचं वाक्य ऐकायला हास्यास्पद होतं, पण घटनाक्रम म्हणून शब्दशः खरं होतं. आणि माझं ठाम मत असं आहे, की त्यांना कसून जाब विचारायला हवा होता तो या मताचा नाही, त्याच्या वर्षभर आधी दिलेल्या दुसऱ्याच एका मताचा.

परवानगीचं मत आणि पैशाचं मत

अमेरिकेच्या राज्यघटनेनं युद्धाचा कारभार दोघांत वाटून दिला आहे. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांचा. सैन्याचा सरसेनापती मात्र राष्ट्राध्यक्ष. तिजोरीच्या किल्ल्याही काँग्रेसकडेच.

प्रत्यक्षात अमेरिकेनं रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात. त्यानंतरची मोठी युद्धं बहुतांशी युद्धाधिकाराच्या ठरावांवर चालली. युद्धाधिकाराचा ठराव म्हणजे काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षाला दिलेली आगाऊ परवानगी: गरज पडली तर तुम्ही सैन्य वापरू शकता. गरज पडली की नाही, हे मग राष्ट्राध्यक्ष ठरवतो. व्हिएतनाममध्ये हेच झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या चकमकीनंतर असा ठराव सिनेटनं ८८ विरुद्ध २ आणि प्रतिनिधिगृहानं ४१६ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. त्या एका ठरावाच्या आधारावर लाखो तरुण व्हिएतनामला पाठवले गेले. त्यांतच नौदलातले अधिकारी जॉन केरी होते.

म्हणजे युद्धाशी संबंधित मतं मुख्यतः दोन प्रकारची. एक परवानगीचं, एक पैशाचं. परवानगीचं मत युद्ध सुरू होण्याआधी येतं आणि युद्ध होणार की नाही यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. पैशाचं मत येतं तेव्हा सैनिक रणांगणात उतरलेले असतात. प्रचारात या दोन्हींची मुद्दाम सरमिसळ केली जाते.

भारतीय वाचकाला यात आणखी एक गोष्ट अनोळखी वाटेल. तिथे एकेका सदस्याचं मत त्याचं स्वतःचं मानलं जातं आणि आयुष्यभर त्याच्या नावावर राहतं. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या पक्षांतरबंदीमुळे, पक्षाचा व्हीप मोडून मत देणारा खासदार आपली जागाच धोक्यात घालतो. शिवाय बरंचसं कामकाज आवाजी मतदानानं उरकतं. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेनं इराकवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमतानं मंजूर केला, तेव्हा अध्यक्षपदी आपले मनोहर जोशी होते. त्या ठरावावर अमुक खासदारानं काय मत दिलं, असा प्रश्न आज कुणी विचारणार नाही. अमेरिकेत मात्र उपस्थितांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावानिशी मतदान घ्यावंच लागतं, आणि प्रत्येकाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ कायमचं कागदावर येतं. का हो म्हटलं, का नाही म्हटलं, हे त्या कागदावर येत नाही.

आधी हो, मग नाही: हे शक्य कसं?

एखाद्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. लिफ्ट जुनी झाली आहे, बदलायला हवी, यावर सगळ्यांचं एकमत. प्रश्न एवढाच, की पैसे कुठून आणायचे. एक सभासद सुचवतो: तळमजल्यावरच्या दुकानांच्या गाळ्यांची वर्गणी मध्यंतरी कमी केली होती, ती पूर्ववत करा आणि त्यातून लिफ्ट बसवा. या सूचनेच्या बाजूनं तो हात वर करतो. सूचना पडते. मग समितीचा मूळ ठराव येतो: कर्ज काढायचं, हप्ते पुढची अनेक वर्षं सगळ्यांनी मिळून फेडायचे. तो विरोधात हात वर करतो. ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर होतो आणि लिफ्ट बसते. पुढच्या वर्षी हा माणूस समितीच्या निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा फलकावर कागद लागतो: “चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या लिफ्टला यांनी विरोध केला.”

आता त्यानं उठून सांगितलं, की मी आधी लिफ्टच्या बाजूनं मत दिलं होतं आणि मग विरोधात, तर सभेत हशा पिकेल. ते खोटं मात्र नसेल.

८७ अब्ज डॉलरचा प्रवास

७ सप्टेंबर २००३ रोजी बुश यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण करून इराक आणि अफगाणिस्तानसाठी ८७ अब्ज डॉलरची पुरवणी मागणी जाहीर केली. ८७ अब्ज म्हणजे ८,७०० कोटी डॉलर. त्या वेळच्या दरानं हे साधारण चार लाख कोटी रुपये होतात, आणि भारत सरकारचा त्या वर्षीचा अख्खा अर्थसंकल्प याहून फार मोठा नव्हता. यातले सुमारे ६६ अब्ज सैन्यासाठी होते आणि वीसेक अब्ज इराकच्या पुनर्बांधणीसाठी. इराकची राजवट एप्रिलमध्येच कोसळली होती, १ मे रोजी मुख्य लढाई संपल्याचं बुश यांनी जाहीर केलं होतं, तरी सैनिक रोज मरत होते. त्यातच बुश यांनी २००१ पासून मोठ्या करसवलती दिल्या होत्या. म्हणजे हा सारा पैसा कर्जाऊच येणार होता.

केरी आणि त्यांचे सहकारी सिनेटर जो बायडन यांनी दुरुस्ती मांडली: पैसे द्या, पण सगळ्यांत श्रीमंत करदात्यांची करसवलत मागे घेऊन त्यातून द्या. २ ऑक्टोबर २००३ रोजी सिनेटनं ही दुरुस्ती ५७ विरुद्ध ४२ मतांनी बाजूला सारली. केरी म्हणतात ते ‘आधी बाजूनं’ दिलेलं मत हे.

१७ ऑक्टोबरला मूळ विधेयक मताला आलं आणि ८७ विरुद्ध १२ असं मंजूर झालं. (मतांचा आकडा ८७ असणं हा निव्वळ योगायोग.) विरोधातल्या बारांत केरी होते, पुढे त्यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढलेले जॉन एडवर्ड्स होते, एडवर्ड केनेडी होते. बायडन मात्र बाजूनं गेले. एकच दुरुस्ती मिळून मांडणारे दोघं शेवटच्या मताला वेगळे झाले, यावरून हा निवाडा किती अवघड होता ते कळावं.

पुढचा टप्पा जाहिरातीत कधीच आला नाही. दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ घालून अंतिम विधेयक ३ नोव्हेंबरला सिनेटपुढे आलं, तेव्हा ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. सभागृहात मोजकेच सदस्य होते. पश्चिम व्हर्जिनियाचे वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी तेवढा मोठ्यानं ‘नाही’ म्हणून विरोध नोंदवला. या सगळ्यात ज्या मतदानानं खरोखर पैसे सुटले, त्याची नावानिशी नोंदच नाही.

“पण त्यांनी सैनिकांच्या चिलखतांना विरोध केला ना?”

जाहिरातीचा सगळ्यात झोंबणारा भाग हाच होता. सैनिकांची संरक्षक चिलखतं, वाढीव युद्धभत्ता, राखीव दलातल्या सैनिकांसाठी आरोग्यसेवा, अशी एकेक गोष्ट घेऊन प्रत्येकीपुढे ‘केरी: नाही’ असं ऐकवलं जायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, चिलखतांवर वेगळं मतदान झालं आणि केरींनी त्यात नकार दिला. प्रत्यक्षात मत एकच होतं, अख्ख्या विधेयकावरचं. चिलखतांचा वाटा त्यातला अगदी छोटा, एक टक्क्याहूनही कमी.

आणि चिलखतांचा तुटवडा ऑक्टोबरच्या मतदानानं निर्माण झाला नव्हता. मार्चमध्ये युद्धाला तोंड फुटलं, तेव्हाच अनेक सैनिकांकडे सिरॅमिक पट्ट्यांची नवी चिलखतं पोहोचलेली नव्हती. काही घरांनी स्वतःच्या खिशातून विकत घेऊन मुलांना पाठवली. मुलाच्या छातीवर काय बांधलंय याची चिंता करणाऱ्या आईबापांसमोर निवडणुकीच्या वेळी हे चित्र उलटं करून मांडलं गेलं. याचा मला आजही राग येतो.

आणखी एक गोष्ट. सिनेटनं त्याच आठवड्यात पुनर्बांधणीच्या रकमेचा सुमारे निम्मा भाग इराकला कर्ज म्हणून द्यावा, अशी दुरुस्ती ५१ विरुद्ध ४७ मतांनी स्वीकारली होती. व्हाइट हाउसला ती मान्य नव्हती. ही अट अंतिम विधेयकात राहिली तर राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार वापरण्याचा सल्ला देऊ, असा इशारा प्रशासनानं दिला होता. म्हणजे अटी पसंत नसतील तर हेच विधेयक, त्यातल्या चिलखतांसकट, बुशही अडवायला तयार होते. जाहिरातीचा न्याय लावला तर तेही चिलखतांच्या विरोधातच ठरले असते. तो न्याय दोघांनाही लावू नये, हेच बरोबर.

“सगळ्यांनीच असं मत दिलं असतं तर?”

हा आक्षेप मात्र उडवून लावता येणार नाही. बारांऐवजी एकावन्न जणांनी नकार दिला असता, तर विधेयक पडलं असतं. मग काय झालं असतं? बहुधा दुसरा मसुदा आला असता आणि पैसे थोड्या उशिरानं मिळाले असते, कारण लढणाऱ्या सैन्याचा पैसा पूर्ण बंद करायला कुणीच तयार नव्हतं. पण ‘बहुधा’च. आपलं मत निर्णायक ठरणार नाही हे ठाऊक असताना विरोध करणं सोपं असतं. अशा मताला निषेधाचं मत म्हणतात, आणि ते निषेध म्हणूनच तपासायला हवं: निषेध कशाचा होता, आणि माणूस त्यावर ठाम राहिला का?

इथे केरींची बाजू लंगडी पडते. १४ सप्टेंबर २००३ रोजी, मतदानाच्या महिनाभर आधी, सीबीएस वाहिनीवर त्यांना विचारलं गेलं की तुमची दुरुस्ती पडली तर काय कराल? सैनिकांना वाऱ्यावर सोडून पळ काढणं बेजबाबदारपणाचं ठरेल, कुठलाही सिनेटर तसं करणार नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. महिन्यानंतर त्यांनीच नकाराचं मत दिलं. या दरम्यान पक्षांतर्गत शर्यतीत व्हर्मांटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन युद्धविरोधाच्या जोरावर पुढे निघाले होते. डीन यांचा दबाव नसता तरी केरींनी हेच मत दिलं असतं का? त्यांच्या मनात शिरता येत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे आणि मतदारांनी ती घेतली यात काही गैर नव्हतं.

ज्या मताबद्दल विचारायला हवं होतं

११ ऑक्टोबर २००२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. सिनेटनं इराकसाठी युद्धाधिकाराचा ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. पन्नासपैकी २९ डेमोक्रॅट बाजूनं होते. त्यांत केरी, एडवर्ड्स, बायडन, हिलरी क्लिंटन सगळे आले. या मतानं फरक पडणार होता. इराककडची संहारक अस्त्रं आणि संयुक्त राष्ट्रांचे ठराव या कारणांसाठी, राष्ट्राध्यक्षाला ‘आवश्यक आणि योग्य वाटेल’ तसं सैन्य वापरायची मुभा त्यानं दिली. मुत्सद्देगिरी संपली की नाही, हे ठरवणारे बुशच. त्यांनी काँग्रेसला तसं कळवलं की झालं.

केरींचा बचाव ठरलेला होता: मी युद्धाला मत दिलं नाही, युद्धाची धमकी खरी वाटावी म्हणून अधिकार दिला. हा बचाव पूर्णपणे पोकळ नाही. हा ठराव मंजूर झाला म्हणजे लष्करी कारवाई जवळ आली किंवा अटळ आहे असं नव्हे, असं बुश यांनी ७ ऑक्टोबरला सिनसिनाटीच्या भाषणात सांगितलं होतं. केरींनीही ९ ऑक्टोबरला सिनेटमध्ये आपली अट बोलून दाखवली: आपलं मत फक्त इराकला निःशस्त्र करण्यासाठी आहे, तेही कडक तपासणीनं काम झालं नाही तरच.

पण भाषणातली अट कायद्यात उतरत नाही. आणि अट कायद्यात उतरवायची संधी त्यांच्यासमोर होती. मिशिगनचे सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी पर्यायी मसुदा मांडला होता: आता परवानगी द्यायची ती संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली तर, आणि एकट्यानं जायचं असेल तर राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा काँग्रेसकडे यावं. केरी भाषणात जे मागत होते, जवळपास तेच. त्याला २४ मतं पडली, ७५ विरोधात गेली. केरी विरोधातल्या ७५ मध्ये होते.

माझ्या लेखी प्रचारभर विचारायचा प्रश्न हा होता. टोंकिनच्या कोऱ्या परवानगीचे परिणाम ज्यानं स्वतः भोगले, ज्यानं एप्रिल १९७१ मध्ये लष्करी पोशाखात सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे बसून “चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस हो, असं एखाद्याला कसं सांगायचं?” असं विचारलं, त्यानं तशीच कोरी परवानगी दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाला का दिली? त्या युद्धात पुढे सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले, आणि इराकी माणसं लाखाहून अधिक. बुश यांना हा प्रश्न विचारणं परवडणारं नव्हतं, कारण परवानगी वापरणारे तेच होते. म्हणून जाहिरातीत ८७ अब्ज आले आणि ऑक्टोबर २००२ मागे राहिलं.

“पण १९९१ मध्ये तर त्यांनी नाही म्हटलं होतं!”

बरोबर, आणि त्यावरूनही त्यांना धारेवर धरलं गेलं. १२ जानेवारी १९९१ रोजी पहिल्या आखाती युद्धाचा ठराव सिनेटमध्ये जेमतेम ५२ विरुद्ध ४७ असा मंजूर झाला. निर्बंधांना आणखी वेळ द्यावा, असं म्हणत केरींनी विरोध केला होता. ते युद्ध झटपट जिंकलं गेलं, कुवेत मुक्त झालं, आणि नकार देणाऱ्या डेमोक्रॅट नेत्यांवर कचखाऊपणाचा शिक्का बसला. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची आस असलेल्या नेत्यांना तो शिक्का आठवत असणार. हे माझं अनुमान आहे. पण इराकनं कुवेत गिळंकृत केला असताना नाही म्हणायचं आणि कुणावर आक्रमण केलेलं नसताना हो म्हणायचं, हा क्रम इतर कशानं समजावता येईल, ते मला सुचत नाही.

माणसानं मत बदलूच नये का?

केरींवर कोलांटउड्यांचा शिक्का मारला गेला. पण नवी माहिती आल्यावरही जुनंच धरून बसणारा नेता अधिक धोकादायक असतो, युद्धात तर फारच. मत बदललं का, यापेक्षा कशामुळे बदललं हे पाहावं.

माहिती तर बदलली होतीच. इराकमध्ये अस्त्रांचा शोध घेणाऱ्या पथकाचे माजी प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेट समितीला सांगितलं, की आपण जवळजवळ सगळेच चुकलो. ज्या एकमेव कारणासाठी केरींनी मत दिलं होतं, ते कारणच उरलं नाही. केरींनी त्या वेळी ‘मला जे सांगितलं गेलं ते चूक होतं, आणि कोरी परवानगी देणं ही माझी चूक होती’ असं म्हटलं असतं, तर तो प्रामाणिक बदल ठरला असता. ऑगस्टमध्ये बुश यांनी आव्हान दिलं: आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर मत काय दिलं असतं? ९ ऑगस्टला ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभं राहून केरींनी उत्तर दिलं, की हो, अधिकार देणारं मत मी दिलंच असतं.

म्हणजे जिथे बदलायला हवं होतं तिथेच ते बदलले नाहीत. सप्टेंबरमध्ये त्यांनी युद्धावर कडाडून टीका सुरू केली, पण ऐकणाऱ्याच्या मनात सहा आठवड्यांपूर्वीचं उत्तर ताजं होतं. ३० सप्टेंबरच्या पहिल्या वादचर्चेत त्यांना त्यातल्या त्यात चांगलं उत्तर सापडलं: युद्धाबद्दल बोलताना माझी चूक झाली, पण राष्ट्राध्यक्षांनी इराकवर आक्रमण करण्याची चूक केली, यांतली मोठी कुठली? वाक्य नेमकं होतं. तरी त्यात चूक ‘बोलण्यातली’ होती, मतातली नव्हे.

२ नोव्हेंबरला बुश ५०.७ विरुद्ध ४८.३ टक्क्यांनी निवडून आले. एकट्या ओहायोनं उलटा कौल दिला असता तर निकाल फिरला असता. इतक्या निसटत्या पराभवाला एकच कारण चिकटवणं योग्य नाही. केरींनी आपलं २००२ चं मत चुकीचं होतं अशी स्पष्ट कबुली नंतर दिली, २००६ पर्यंत ती भाषणांतून येऊ लागली होती. एडवर्ड्स यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून कबुली दिली. हिलरी क्लिंटन यांच्याकडून ती निःसंदिग्ध शब्दांत यायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात, २००८ च्या पक्षांतर्गत लढतीत, त्या बराक ओबामांकडून हरल्या होत्या. ओबामा २००२ मध्ये सिनेटमध्ये नव्हतेच. इलिनॉय राज्याचे आमदार म्हणून शिकागोच्या सभेत त्यांनी युद्धाला विरोध केला होता, पण मत देण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

मतच न देणं

नेत्यांनी यातून घेतलेला धडा भलताच निघाला: अशी मतं द्यायची वेळच येऊ द्यायची नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात रासायनिक अस्त्रांचा हल्ला झाला आणि ओबामांनी कारवाईसाठी काँग्रेसची परवानगी मागितली. ३ सप्टेंबरला परराष्ट्र व्यवहार समितीपुढे ती मागणी घेऊन बसले परराष्ट्रमंत्री जॉन केरी. १९७१ मध्ये ज्या समितीपुढे ते युद्धाविरोधात बोलले होते आणि पुढे जिचे अध्यक्ष झाले, तीच ही समिती. समितीनं १० विरुद्ध ७ अशी मंजुरी दिली, पण सिनेटच्या सभागृहात त्यावर मतदान झालंच नाही. सीरियानं अस्त्रं सोपवायची तयारी दाखवल्यावर विषय मागे पडला, आणि आपलं नाव कुठल्याच रकान्यात आलं नाही म्हणून अनेक सदस्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

पुढच्याच वर्षी ‘इसिस’विरुद्ध बाँबहल्ले सुरू झाले, त्यांना आधार दिला गेला तो मुख्यतः सप्टेंबर २००१ च्या ठरावाचा. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांत, १४ सप्टेंबर २००१ रोजी, सिनेटनं तो ९८ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहानं ४२० विरुद्ध १ मतांनी मंजूर केला होता. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षणात राहावं लागलं. हल्ला करणारे आणि त्यांना आसरा देणारे, एवढ्यांसाठीच असलेल्या त्या ठरावाखाली पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी एकामागून एक देशांत कारवाया केल्या.

ली यांनी तो रद्द व्हावा म्हणून वर्षानुवर्षं दुरुस्त्या मांडल्या. जून २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या खर्च समितीनं त्यांची दुरुस्ती स्वीकारली, रिपब्लिकन सदस्यांनीही पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यात, सभागृहापुढे मताला यायच्या आतच, ती विधेयकातून काढून टाकण्यात आली.